स्वयंपाकघरातले रंग: खळ, डिंक आणि हळदीचा स्वभाव

हळद पाण्यात विरघळत नाही. घरी रंग करायला बसलेल्यांची पहिली निराशा इथून सुरू होते. वाटीत हळद टाकली, पाणी घातलं, ढवळलं की रंग पिवळाधमक दिसतो. मुलाने ब्रश बुडवून कागदापर्यंत नेईतो हळद तळाशी बसते आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. कागदावर खरबरीत रेघ उमटते आणि वाळल्यावर हात फिरवला की पूड झडते. बिटाचं नेमकं उलट. किसून पिळलेला रस कागदात मुरतो, अजिबात झडत नाही, पण उजेडाच्या खिडकीपाशी लावलेलं चित्र काही दिवसांत मळकट तपकिरी पडतं. दोन्ही जिन्नस एकाच ओट्यावरचे, पण त्यांची जात वेगळी आहे आणि त्यांना एकच कृती लावली की दोन्ही बिघडतात.

हळद, गेरू, कोळसा, तांदळाची पिठी या पुडी. त्या कागदावर बसतात, आत शिरत नाहीत, म्हणून त्यांना धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं. बीट, गोकर्ण, जास्वंद, चहा, कॉफी हे रस. ते कागदात शिरतात, पण आंबट, सोडा, उष्णता आणि ऊन यांनी बदलतात. धरून ठेवण्याचं काम स्वयंपाकघरात दोन गोष्टी करतात: शिजवलेली खळ आणि पाण्यात विरघळवलेला डिंक. बोटांनी रंगवणाऱ्या लहान मुलांसाठी खळ, ब्रश नीट धरता येणाऱ्यांसाठी डिंक. पुढची सगळी मापं १५० मिलीची वाटी आणि ५ मिलीचा चहाचा चमचा धरून आहेत.

खळ

अर्धी वाटी कॉर्नफ्लोर आणि दोन वाट्या पाणी. यातलं अर्धी वाटी पाणी गारच ठेवायचं आणि त्यात कॉर्नफ्लोर गुठळ्या न राहता कालवायचं. उरलेलं दीड वाटी पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळून आच मंद करायची आणि एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर प्रत्येक गोळ्याचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं, आत कोरडं पीठ तसंच राहतं आणि ती गुठळी मग कितीही घोटली तरी मोडत नाही. दोन-तीन मिनिटांत दुधाळ पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक होते. तिथे गॅस बंद करायचा. पांढरट असतानाच उतरवली तर पीठ कच्चं राहतं, खळ पातळ पडते आणि वाळल्यावर पांढरी पूड सुटते. शिवाय लहान मुलांचे हात तोंडात जातात, आणि कच्चं पीठ पोटात जाऊ नये.

गरम खळ पातळ वाटते म्हणून अनेकजण पुन्हा पीठ घालतात. घालू नये. गार होताना ती चांगलीच घट्ट होते. वर साय धरू नये म्हणून खळीला टेकेल अशी ताटली किंवा ओला केलेला केळीच्या पानाचा तुकडा ठेवावा. साय धरलीच तर ती काढून टाकावी, कारण ढवळून आत मिसळली की चिंध्या होतात आणि त्या बोटाखाली लागत राहतात.

कॉर्नफ्लोर नसेल तर मैदा चालतो. मैद्याची खळ अपारदर्शक आणि जरा मळकट होते, त्यामुळे रंग फिके दिसतात, पण चिकटपणा चांगला. माझ्या मते सगळ्यात सुंदर खळ साबुदाण्याची. मिक्सरमधून कोरडाच दळून चाळलेला साबुदाणा, पाव वाटीपेक्षा थोडा जास्त, वरच्याच पद्धतीने दोन वाट्या पाण्यात शिजवावा. ती काचेसारखी नितळ होते, रंग खुलून दिसतात आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर कॉर्नफ्लोरच्या खळीइतकं पाणीही सोडत नाही. कॉर्नफ्लोरची खळ मात्र दुसऱ्या दिवशी वर पाणी आणि खाली दाणेदार गोळा अशी फुटलेली दिसते. ती खराब झालेली नसते. रवीने घुसळली की पुष्कळशी मिळून येते.

इंटरनेटवरच्या बऱ्याच कृतींमध्ये खळीत साखर असते. त्याने चकाकी येते आणि वाळलेला थर कमी तडकतो हे खरं, पण आपल्याकडे मुंग्या येतात आणि पावसाळ्यात चित्र आठवडाभर चिकट राहतं. त्याऐवजी एवढ्या खळीला एक चमचा ग्लिसरीन घालावं, औषधाच्या दुकानात मिळतं. टिकण्यासाठी मीठ घालायचं तर अर्ध्या चमच्याच्या वर नको. मीठ जास्त झालं की वाळताना कागदावर बारीक खडे उमटतात आणि दमट हवेत तेच ओल ओढतात. तसंही उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस जाते. आंबट वास, बुडबुडे किंवा वर ठिपका दिसला की वरचं काढून वापरायचा मोह टाळावा, सगळीच टाकावी.

रंग कधी घालायचा हे महत्त्वाचं. पूड गरम खळीत: पाव वाटी खळीला अर्धा चमचा हळद, खळ गरम असतानाच. त्यात पूड भिजून फुगते आणि खरखर कमी होते. रस मात्र गार खळीत. बिटाचा रंग उष्णतेने उडतो, आणि लिंबू शिजत्या खळीत पडलं तर खळच पातळ होऊन बसते. रसाने खळ सैल पडणार हे धरून, रसाचे रंग करायचे असतील तर खळ दोनऐवजी दीड वाटी पाण्यात शिजवावी (अर्धी वाटी कालवायला, एक वाटी उकळायला) आणि गार झाल्यावर अर्धी वाटी रस मिसळावा.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र खळीचीही गरज नाही. ताजं घट्ट दही चार चमचे, त्यात एकात चिमूट हळद, दुसऱ्यात चमचाभर बिटाचा रस. मोठ्या ताटात किंवा फरशीवर रंगवू द्यावं, तासाभरात पुसून टाकावं. दह्याच्या आंबटपणामुळे हळद पिवळी आणि बीट गुलाबी राहतं, हा आयता फायदा.

डिंक

लाडवाचा बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक घ्यावा. डिंक कतीरा घेऊ नये: तो विरघळत नाही, फक्त फुगतो आणि जेलीसारखे गोळे होतात. किराणा दुकानात दोन्ही शेजारी असतात, तेव्हा विचारून घ्यावं. दोन चमचे डिंक खलबत्त्यात भरड कुटून चार चमचे कोमट पाण्यात झाकून रात्रभर ठेवावा. सकाळी मधाइतका दाट पाक झालेला असतो. तो मलमलीच्या फडक्यातून गाळावा, कारण डिंकात सालीचे तुकडे आणि माती असतेच. त्यात अर्धा चमचा मध घालावा. मध ओल धरून ठेवतो, त्यामुळे वाळलेली वडी ओल्या ब्रशने पुन्हा सुटते. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मधाऐवजी ग्लिसरीन, कारण त्या वयाला मध अजिबात देत नाहीत आणि मोठ्या भावंडाचे रंग बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

आता हळद. आधी ती वस्त्रगाळ करावी, म्हणजे मलमलीतून चाळावी. जाडसर कण मागे राहतात. एक चमचा वस्त्रगाळ हळद स्टीलच्या ताटलीत घेऊन त्यावर एक चमचा डिंकाचा पाक घालावा आणि चमच्याच्या पाठीने पाच मिनिटं घोटावं. पाणी अजून नाही. सुरुवातीला पूड पाकाला दाद देत नाही, कोरडे गोळे इकडेतिकडे पळतात. मग हळूहळू मिश्रण लोण्यासारखं गुळगुळीत आणि गडद होतं, चमच्याखालचा करकर आवाज थांबतो. तो आवाज थांबला की रंग झाला. मग थेंबथेंब पाणी. हाच क्रम गेरूला आणि कोळशालाही. कोळशाची पूड पाण्यावर तरंगते, भिजतच नाही, पण आधी पाकात घोटली तर मुकाट्याने मिसळते. काळ्यासाठी दिव्याची काजळी कोळशापेक्षा गडद, आणि काजळी व डिंक हीच जुन्या पोथ्यांच्या शाईची जोडी. पण काजळी हलकी असते, उडते आणि श्वासात जाते. मुलांसमोर वस्त्रगाळ कोळसाच बरा, आणि चाळण्याचं काम मोठ्यांनी आधीच उरकून ठेवावं.

डिंक पुरेसा आहे का हे ओळखायला कागदाच्या कपट्यावर एक पट्टा ओढून पूर्ण वाळू द्यावा आणि बोटाने घासावा. बोटाला रंग आला तर पाक कमी पडला. पट्टा चकाकतो आणि कागद वाकवल्यावर तडकतो, तर जास्त झाला. एकदा जमलेलं प्रमाण वहीत लिहून ठेवावं, कारण प्रत्येक पुडीची भूक वेगळी असते. गेरूला पाक कमी लागतो, कोळशाला जास्त.

वड्या करायच्या तर बाटल्यांच्या बुचांत हे मिश्रण पातळ थरांत ओतावं, एक थर वाळला की दुसरा. एकदम बूच भरलं तर वरून वाळतं, आत ओलं राहतं, आणि मग वडी मध्ये भेगाळून बुचातून सुटून येते. पावसाळ्यात वड्या करू नयेत. वाळायच्या आत बुरशी धरते. लवंगेच्या तेलाचा एक थेंब पाकात घातला तर थोडी मदत होते. ते तेल मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नये. आणि त्याऐवजी कापूर तर मुळीच नको, तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

रस, आणि त्यांचे बदलते रंग

बीट: एक मध्यम बीट कच्चंच किसून फडक्यातून पिळावं. उकळू नये. दोन मोठे चमचे रसाला चार-पाच थेंब लिंबू घातलं की रंग जरा जास्त टिकतो. गडद हवा असेल तर पसरट ताटलीत ओतून पंख्याखाली आटवावा, गॅसवर किंवा उन्हात नाही.

निळ्यासाठी आपल्याकडे गोकर्णासारखं दुसरं काही नाही. पंधरा-वीस ताजी फुलं, हिरवे देठ काढून, पाव वाटी कडक गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून पिळायची. शाईसारखा निळा रस मिळतो. त्यात लिंबाचे थेंब पाडत गेलं की आधी जांभळा, मग गुलाबी-जांभळा. चिमूट खायचा सोडा घातला की हिरवट. एका रसाच्या चार वाट्या करून मुलांपुढे ठेवाव्यात आणि लिंबू, सोडा त्यांच्याच हाताने घालू द्यावा. लाल कोबी आणि जास्वंदही असेच बदलतात. जास्वंदीचा नुसता रस मळकट जांभळा असतो, लिंबाने तो एकदम लाल होतो.

पण इथे कागद दगा देतो. बाजारातल्या बऱ्याचशा पांढऱ्या कागदात खडूची जातभाई असलेली पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरलेली असते आणि ती आंबटाला मारते. त्यामुळे वाटीतला सुंदर लाल जास्वंद कागदावर वाळता वाळता जांभळट-करडा होतो. मुलांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. आधी कागदावर लिंबाच्या पाण्याचा एक हात देऊन वाळवला तर लाली जास्त वेळ राहते. खरा पक्का लाल हवा असेल तर मात्र गेरूकडेच वळावं. तो विटकरी असतो, पण वर्षानुवर्षं तसाच राहतो. आमसुलं भिजवूनही लालसर पाणी मिळतं, पण त्यांना मीठ लावलेलं असतं आणि ते कागदावर फुलून येतं. उन्हाळ्यात ताज्या रातांब्यांची सालं मिळाली तर ती वापरावीत.

पालकाचा हिरवा सगळ्यात हट्टी. दहा पानं गरम पाण्यात चिमूट खायचा सोडा घालून एक मिनिट बुडवावीत, दोन चमचे पाण्याबरोबर वाटून गाळावीत. सोड्याने हिरवेपणा राहतो, लिंबाचा थेंब पडला की लगेच शेवाळी होतो. उजेडात तोही टिकत नाही. त्यापेक्षा गोकर्णाच्या निळ्यात घोटलेली हळद मिसळून केलेला हिरवा जास्त तजेलदार. त्यात सोडा चुकूनही नको, कारण सोड्याने हळद लाल होते.

या लाल होण्याचाच खेळ करावा. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो तांबडा होतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. जाड पांढऱ्या कागदावर हळदीच्या पातळ रंगाचा एकसारखा हात देऊन वाळवावा. पाव चमचा खायचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून मुलांना ब्रश द्यावा: पिवळ्यावर नारिंगी-तांबूस रेषा उमटतात. साबणाच्या पाण्याने आणखी गडद. आणि लिंबाच्या रसाने त्याच रेषा पुन्हा पिवळ्या. इथे रंग फक्त एकच आहे, हळद, बाकी दोन्ही बिनरंगी पाणी. सहा-सात वर्षांची मुलं यात रमून जातात, आणि घरात दुसरं काहीच नसलं तरी एवढं होतं. कपड्यांचा सोडा किंवा पानाचा चुना लाल जास्त चढवतो, पण दोन्ही त्वचेला आणि डोळ्यांना भाजतात, म्हणून ते नकोत.

याच कारणाने सोडा आणि व्हिनेगर घालून केलेल्या वड्यांच्या कृतीत नैसर्गिक रंग फसतात. तिथे सोडा उरतो, हळद तांबूस होते, बीट पिवळट-तपकिरी पडतं. तशा वड्यांसाठी खायचे रंगच घ्यावेत, एफएसएसएआय परवाना क्रमांक छापलेल्या बंद पुडीतले. सुटे विकले जाणारे भडक रंग घेऊ नयेत, त्यांत मेटॅनिल यलो किंवा ऱ्होडामाइन बी असे परवानगी नसलेले रंग निघतात.

अगदी पहिल्यांदा करणाऱ्यांनी कॉफीपासून सुरुवात करावी. एक चमचा इन्स्टंट कॉफी, एक चमचा गरम पाणी. पाणी वाढवत नेलं की गडद तपकिरीपासून बदामीपर्यंत पाच-सहा छटा. बिघडण्यासारखं काही नाही, फक्त थर जाड दिला तर दमट हवेत चिकट राहतो.

पांढरा

पांढऱ्या रंगासाठी तांदूळ. पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रांचा पांढरा असाच होतो: तांदळाची पिठी, पाणी, डिंक, आणि कुंचला म्हणून टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मूठभर तांदूळ चार तास भिजवून गंधासारखे बारीक वाटावेत, मलमलीतून गाळावेत, चार चमचे वाटणाला एक चमचा डिंकाचा पाक. पार्श्वभूमीला खाकी कागद घ्यावा किंवा कार्डशीटवर डिंकात घोटलेल्या गेरूचा हात द्यावा आणि पुरता वाळू द्यावा, नाहीतर गेरू पांढऱ्यात उतरून गुलाबी होतो. हा रंग ओला असताना जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावरच पांढरा होतो. हे आधी सांगितलं नाही तर मुलं त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा हात फिरवतात, थर जाड होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खपल्या पडतात. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं मुलांना दाखवावीत. पद्मश्री (२०११) मिळालेल्या या चित्रकाराच्या बारीक पांढऱ्या रेषा पाहिल्या की पातळ रंग आणि टोकदार काडी कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही.

काय घेऊ नये, हे थोडक्यात. लाल तिखट नाही, ते बोटावरून डोळ्यात जातं. शेंदूर नाही, त्यात शिसं असतं. बाजारातलं कुंकू आणि रंगपंचमीच्या पुडी नाहीत. कॅरमची बोरिक पावडर टिकाऊपणासाठी घालायला सांगतात, तीही नाही. मोहरी, दाणे यांची ॲलर्जी असलेल्या मुलांकडे तेल किंवा पीठ वापरताना लक्ष ठेवावं, आणि गव्हाची ॲलर्जी असेल तर मैद्याची खळ टाळावी.

कपड्यांवर बीट पडलं तर लगेच गार पाण्याने धुवावं, गरम पाणी नको. हळदीचा डाग साबणाने लाल झाला तरी घाबरू नये. धुऊन कपडा ओलाच कडक उन्हात टाकावा, दोन-तीन उन्हांत डाग बराचसा उडतो. याच कारणाने हळदीची चित्रंही उन्हात लावू नयेत. ठेवायची असतील तर वहीत मिटून ठेवावीत, आणि बिटाच्या चित्राचा फोटो त्याच दिवशी काढावा.